स्टिअरिंगवरचा पहिला रमजान

रमजानच्या संध्याकाळी आपल्या दस्तरखानावर कलिंगडाच्या फोडी असतात, केळी असतात, कांद्याची गरम भजी असतात आणि खजूर तर असतोच. मगरिबची अजान होते, खजुराचा तुकडा तोंडात जातो आणि दिवसभराचा रोजा सुटतो. यातलं काहीच आपल्या मोहल्ल्यात पिकत नाही. केळी रावेर-सावद्याकडून येतात. कांदा लासलगाव, पिंपळगावकडून येतो. खजूर तर समुद्रापलीकडून न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरतो. गावातल्या दुकानापर्यंत हे सगळं आणून पोहोचवतो तो ट्रक. आणि तो चालवणाऱ्यांतही रोजेदार असतात. त्यांची सहरी कुठे होते, इफ्तार कशावर होते, ते झोपतात कधी, हा विचार आपल्या मनात फारसा येत नाही.

निफाड तालुक्यातल्या एका गावचा तेवीस वर्षांचा मुलगा यंदा रमजानच्या दहा दिवस आधी ट्रकवर चालक म्हणून लागला. नाव छापू नका, असं त्याने बजावलं आहे, म्हणून इथे नाव नाही. मालकाची गाडी दहा चाकी. काम ठरलेलं. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरायचा, वाशीच्या घाऊक बाजारात खाली करायचा, तिथून किराणा किंवा सुका मेवा भरून नाशिककडे परत यायचं. एका बाजूचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. दिल्ली-कोलकात्याच्या लांबच्या लाईनवर गेलेला चालक पंधरा-वीस दिवस घरी येत नाही. याचं तसं नाही. हा दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी असतो. म्हणून घरच्यांना वाटलं, चला, बरी नोकरी मिळाली. रोजे, तरावीह, ईद, सगळं घरच्यांसोबत होईल.

प्रत्यक्षात काय झालं, ते त्याच्याकडूनच समजून घेतलं. ते त्याच्यासारख्या पुष्कळांच्या बाबतीत होतं, म्हणून इथे मांडत आहे.

परवाना आणि गाडी

हा मुलगा आधी मामाची पिकअप चालवायचा. भाजीपाला भरून नाशिकला जायचं आणि परत यायचं. एकूण साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. पण मोठ्या ट्रकसाठी वेगळा परवाना लागतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्यासाठी वय किमान वीस हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. पूर्वी आठवी पासची अटही होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांनाही हे दार उघडं झालं. आपल्या समाजात अशी मुलं थोडीथोडकी नाहीत.

परवाना मिळाला म्हणजे गाडी आली, असं मात्र नसतं. दहा चाकी ट्रकचं मालासकट वजन कायद्याने साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असू शकतं. पिकअपमध्ये पाय ठेवताच ब्रेक लागतो. इथे पाय ठेवल्यावर गाडी थांबायला किती जागा घेते, हे माल किती आहे, रस्ता ओला की कोरडा, उतार किती, यावर ठरतं. वळताना मागची चाकं आतून जातात, म्हणून नाक आधी बाहेर काढून मग वळायचं. निघण्यापूर्वी लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकून बघायचा. हवा भरलेली असेल तर आवाज खणखणीत येतो, नसेल तर भद्द येतो. ताडपत्रीची दोरी कुठून सुरू करून कुठे बांधायची, फाळका नीट लागला का, प्रेशरचा काटा वर आला का, हे सगळं बघायचं.

कागदांचंही तसंच. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, पण परतीच्या किराण्याला लागतं. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते. बिल्टी, माल उतरवल्याची सही घेतलेली पोच, वजनकाट्याची चिठ्ठी, बाजारात द्यावी लागणारी वाराई, डिझेल, टोल, मालकाकडून घेतलेली उचल. याचा हिशेब तो एका दोनशे पानी वहीत लिहितो. त्या वहीबद्दल पुढे सांगणार आहे.

उस्ताद नसलेली पिढी

जुन्या काळी कुणी थेट चालक होत नसे. मुलगा आधी किन्नर म्हणून गाडीवर चढायचा. काच पुसायची, स्टोव्हवर चहा करायचा, मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड टाकायचा. दोन-तीन वर्षांनी कुठे उस्ताद रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. शिव्याही भरपूर मिळायच्या, पण शिक्षण पक्कं व्हायचं. शिवाय गाडीत दोन माणसं असायची. एकाचा डोळा लागला तर दुसरा बोलत राहायचा.

आता भाडी परवडत नाहीत म्हणून जवळच्या लाईनवर किन्नर ठेवणं बहुतेक मालकांनी बंद केलं आहे. ड्रायव्हिंग स्कूलमधून परवाना घेतलेला मुलगा चार-पाच फेऱ्या कुणाबरोबर करतो आणि मग एकटाच निघतो. मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवतो, पण कधी थांबायचं ते सांगत नाही.

आमच्या या मुलाचं नशीब त्यातल्या त्यात बरं. मालकाकडे तीस वर्षं गाडी चालवलेले एक वयस्क चालक आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पंढरीची वारी करणारे, गळ्यात माळ घालणारे. पहिल्या पाच खेपा अण्णा त्याच्या शेजारी बसले. त्यांनी शिकवलेलं तो आजही पाठ म्हटल्यासारखं सांगतो. "ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल मालकाचं जातंय, जीव तुझा जाईल."

कसाऱ्याचा उतार

या वाक्याचा अर्थ रस्त्यावरच कळतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. तिथून कसारा घाट उतरला की ठाणे जिल्हा लागतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाट टाळता येतो. पण टोल वाचवायचा म्हणून अनेक छोटे मालक चालकाला जुन्याच रस्त्याने जायला सांगतात. म्हणजे नव्या चालकाला घाट चुकत नाही.

उतारावर गाडी न्यूट्रल केली की ती आपोआप धावते आणि डिझेल वाचतं. काही जण तर इंजिनच बंद करतात. महिन्याच्या शेवटी मालक ॲव्हरेज काढतो. ज्याचं डिझेल जास्त जळालं त्याला बोलणी बसतात, कधी पगारातून कापतात. त्या भीतीने नवीन मुलगा ही युक्ती लवकर शिकतो. पण न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. इंजिन बंद असेल तर हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो. चार-सहा वेळा पाय दाबला की टाकीतलं प्रेशर उतरतं. मग पंचवीस-अठ्ठावीस टन वजन उतारावर मोकाट सुटतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर असे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे कित्येक गाड्यांना धडक दिली, ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं.

घाटाचं शिक्षण अण्णांनी दिलं. पण रमजान सुरू झाला आणि एक नवीनच उतार लागला. तो शिकवणारं कुणी नव्हतं.

दोन वेळापत्रकं

बाजाराचं वेळापत्रक असं. पिंपळगावला लिलाव होऊन, गोण्या भरून, गाडी बांधून निघायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. वाशीला पहाट व्हायच्या आत पोहोचायचं, कारण बाजार सकाळी उघडतो आणि ज्याची गाडी आधी लागली त्याचा माल आधी उतरतो. ठाणे शहरातून अवजड वाहनांना ठरावीक वेळातच सोडतात, म्हणून तेही गणित सांभाळायचं. सकाळी माल खाली होतो. दुपारी परतीचा माल भरायचा. तीन-चार वाजता निघायचं आणि मध्यरात्रीपर्यंत घर गाठायचं.

रमजानचं वेळापत्रक असं. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सहरीची वेळ संपते. संध्याकाळी पावणेसातच्या आसपास इफ्तार. नंतर इशा आणि तरावीह. घरी असणाऱ्या माणसाची झोप रात्री साडेदहा-अकरापासून साडेचारपर्यंत होते आणि दुपारी जरा आडवं होता येतं.

ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहा. इफ्तार पिंपळगावच्या बाजार आवारात, गोण्यांवर बसून. तरावीहची वेळ होते तेव्हा गाडी नाशिक ओलांडत असते. मध्यरात्री कसारा. तीन-साडेतीनला वाशी. तिथे रांगेत गाडी लावून सहरी, मग फजर, आणि फजर संपते न संपते तोच हमाल फाळका उघडायला येतात. केबिनमध्ये झोपायचं म्हटलं तर खाली गोण्या आदळत असतात. ऊन वर आलं की पत्रा तापतो. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण याची गाडी त्याआधीची आहे. वाशीच्या दमट हवेत दुपारी बारा वाजता केबिनमध्ये झोप लागत नाही, फक्त घाम येतो. आणि तीन वाजता, रोज्यात, पुन्हा स्टिअरिंग.

पहिले तीन दिवस चहा नसल्याने डोकं ठणकलं. चालकाचा दिवस चहावर चालतो, तो एकदम बंद झाला की असं होतं. मग डोकं दुखायचं थांबलं. भुकेचा त्रास तर झालाच नाही, असं तो सांगतो. तहान लागायची, पण सब्र करता आला. "त्रास दिला तो झोपेने," तो म्हणाला.

पाचव्या खेपेपर्यंत अण्णा शेजारी होते. सातव्या खेपेला तो एकटा होता. रात्री अडीचच्या सुमारास शहापूर मागे टाकून तो पडघ्याकडे निघाला होता. पडघ्याच्या अलीकडे त्याच्या लक्षात आलं की आसनगावचा पूल कधी गेला, हेच आठवत नाही. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी आपल्या लेनमध्ये होती. पण मधले काही मिनिटं कुठे गेली, त्याचा पत्ता नव्हता.

ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर. तेवढ्या अंतरात एखादी बंद पडलेली रिक्षा असू शकते किंवा पहाटे दूध घेऊन निघालेला दुचाकीवाला. रात्री दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर आपोआप झोपेकडे झुकतं, मग पोट भरलेलं असो की रिकामं. दुपारी दोन-चारच्या दरम्यान पुन्हा तसंच होतं. आमच्या या मुलाची गाडी नेमकी याच दोन वेळांना रस्त्यावर असायची.

ही एकट्याची गोष्ट नाही. सेव्हलाईफ फाऊंडेशनने २०२० साली देशातल्या दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात आणि जवळपास निम्म्यांनी कबूल केलं की थकवा किंवा झोप आलेली असतानाही ते गाडी चालवत राहतात. शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांनी सांगितलं की आपल्या नात्यातल्या कुणाला या धंद्यात यायला आपण सांगणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातल्या कितीतरी घरांत तो दिवस साधा, रोजच्यासारखाच उजाडला असेल.

मुसाफिराचा रोजा

पडघ्याला त्याने गाडी ढाब्यावर लावली आणि दोन तास झोपला. वाशीला पोहोचायला उशीर झाला, मालकाचा फोन आला, बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी त्याने ही गोष्ट घरी सांगितली नाही, अण्णांना सांगितली. अण्णा म्हणाले, "पोरा, तुझा उपास तुझ्या आणि तुझ्या देवाच्या मधला. त्यात मी बोलणार नाही. मीही एकादशीला साबुदाण्यावर घाट उतरलोय. पण झोप आली की गाडी बाजूला. त्यात देवाचंही ऐकायचं नाही आणि मालकाचंही नाही."

मग तो मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेला. प्रश्न त्याला टोचत होता. गावात त्याच्या वयाची सगळी मुलं रोजे धरतात. वडिलांनी आयुष्यभर बाजारात हमाली केली, उन्हात गोण्या वाहिल्या, पण एक रोजा सोडला नाही. आता कमावता मुलगा गाडीवर बसतो आणि रोजा सोडतो, हे अम्मीला कसं सांगायचं? शेजारी काय म्हणतील?

आजारी माणसाला आणि मुसाफिराला, म्हणजे प्रवासात असलेल्याला, रोजा नंतरच्या दिवसांत भरून काढण्याची सवलत खुद्द कुराणात आहे. जिथे रमजानच्या रोज्याचा हुकूम आला, तिथेच, सूरह बकरामध्ये, ही सवलतही आली. अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको, हा तिथला भाव आहे. आपल्याकडचे हनफी उलेमा प्रवासाचं अंतर साधारण अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटर धरतात. पिंपळगाव ते वाशी त्याच्या अडीचपट आहे. त्या प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. तीही सवलतच आहे आणि ती घ्यायला कुणी लाजत नाही. मग रोज्याची सवलत घेताना मान खाली का जावी?

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात एका माणसाभोवती गर्दी जमली होती, लोक त्याच्यावर सावली धरत होते. पैगंबर (स.) यांनी विचारलं, याला काय झालं? लोक म्हणाले, रोजा आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रवासात असा रोजा धरण्यात नेकी नाही. दुसऱ्या बाजूला, सहाबा त्यांच्यासोबत प्रवासाला निघत तेव्हा कुणी रोजा धरत, कुणी धरत नसे आणि कुणी कुणाला नावं ठेवत नसे, हेही हदीसमध्ये आलं आहे. ज्याला झेपतं त्याने धरावा, ज्याला झेपत नाही त्याने नंतर भरून काढावा.

इमामसाहेबांनी त्याला एक गोष्ट समजावली. वडिलांची हमाली आणि मुलाची गाडी यांत फरक आहे. हमाल चक्कर येऊन पडला तर तो स्वतः पडतो. चालकाचा डोळा लागला तर दुसऱ्यांचे जीव जातात. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ही चालकाच्या हातातली अमानत आहे. आपल्या इबादतीचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकायचा नसतो. त्यांनी त्याला साधा हिशेब घालून दिला. घरी असशील त्या दिवशी रोजा धर. खेपेच्या दिवशी सलग चार-पाच तास झोप मिळाली असेल आणि अंगात ताकद असेल तर धर. नसेल तर धरू नकोस आणि सहरीसाठी उठण्याऐवजी तेवढा वेळ झोप. राहिलेले रोजे लिहून ठेव, ईदनंतर कजा कर. डिसेंबरचा दिवस लहान असतो, तेव्हाही करता येतील.

अरबीत रोज्याला सौम म्हणतात. त्याचा मूळ अर्थ थांबणं, स्वतःला आवरणं असा आहे. खाण्यापासून, पिण्यापासून, खोटं बोलण्यापासून, रागापासून थांबणं. ज्या माणसाच्या मागे मालकाचा फोन आहे, पुढे बाजाराची वेळ आहे आणि तरीही झोप आल्यावर जो गाडी रस्त्याच्या कडेला घेतो, तोही स्वतःला आवरतोच आहे. त्याचं मोल कमी समजू नये.

त्याच्या हिशेबाच्या वहीत आता शेवटच्या पानावर रेघा आहेत. पुढच्या पानांवर डिझेल, टोल, वाराई, आणि शेवटच्या पानावर कजा रोजे. मी पाहिलं तेव्हा सहा रेघा झाल्या होत्या. अम्मीला त्याने सांगून टाकलं आहे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या खेपेच्या वेळी तिने डब्यात पोळ्या जास्त दिल्या आणि म्हणाली, "झोप आली की फोन कर, मी बोलत बसेन." त्याने तिला समजावलं की गाडी चालवताना फोनवर बोलणं त्याहून वाईट. मग ती म्हणाली, "बरं, मग झोपच."

थोडं मालकांसाठी, थोडं आपल्यासाठी

सवलत चालकाने घेतली, पण सगळा भार त्याच्यावरच टाकून चालणार नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरवलं होतं, लांबच्या मार्गावर परवानगीने दिवसाला दहा तास. सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्धा तास विश्रांती होती. कायदा होऊन साठ वर्षं उलटली, पण एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे हे तास कुणी मोजत नाही. आमच्या मुलाने मालकाला विचारून पाहिलं की रमजानपुरती गाडी दोन तास लवकर भरून मिळेल का. मालक वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "बाजाराची वेळ मी ठरवत नाही." हेही खरं आहे. पण परतीच्या वाटेवर चार तास थांबायची मुभा त्याने दिली आणि घाटात डिझेल जास्त जळालं तर कापणार नाही, असंही सांगितलं. मालकाला यासाठी खिशातून फार काही घालावं लागत नाही. गाडी आणि माल वाचला तर फायदा त्याचाच आहे.

नव्या चालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अपघात झालाच तर पळून जाऊ नये. जखमीला उपचार मिळवून देणं आणि शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याने चालकाचं कर्तव्य आहे. जमावाची भीती वाटत असेल तर जवळचं पोलीस ठाणे गाठावं. भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या थांबवल्या आणि सरकारने ते कलम लागू करणं पुढे ढकललं. कलम लागू असो वा नसो, रस्त्यावर पडलेल्या माणसाला सोडून जाणं ईमानाला शोभणारं नाही.

आता आपल्यासाठी. मुंबई-आग्रा रस्त्यावर काही ढाब्यांवर रमजानमध्ये संध्याकाळी खजूर आणि पाण्याचे ग्लास भरून ठेवलेले दिसतात. ढाबेवाला हिंदू असतो, मुसलमान असतो, सरदारजीही असतो. गाडी लावली, हात धुतले की चालक दोन घोट घेऊन रोजा सोडतो आणि कुणी पैसे मागत नाही. आपल्या गावाजवळून महामार्ग जात असेल, तर मशिदीच्या कमिटीला हे सहज करता येईल. पाण्याच्या बाटल्या, खजूर, दोन-चार चटया आणि ट्रक उभा राहील एवढी जागा. जमलंच तर मशिदीच्या आवारात एखादी खोली, पंखा लावून, दोन तास झोपायला. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्या रोज्याचा सवाब मिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. थकलेल्या मुसाफिराला झोप देण्याचा सवाबही अल्लाहजवळ वाया जाणार नाही.

आणि घरात किंवा शेजारी कुणी नवीन चालक असेल, तर "आज रोजा आहे ना?" हा प्रश्न विचारू नका. "काल किती झोपलास?" असं विचारा. तो खरं उत्तर देईल. उत्तर दोन-तीन तास असेल, तर त्याला गाडीवर जाण्यापासून थोपवा. मालकाशी बोलायची वेळ आली तर घरातल्या मोठ्या माणसाने त्याच्यासोबत जावं. तेवीस वर्षांच्या मुलाला नवी नोकरी जाईल ही भीती असते, तो एकटा बोलू शकत नाही.

यंदाचे रोजे सरत आले. ईदची खरेदी सुरू झाली आहे. शेवया, सुका मेवा, साखर, नवे कपडे, सगळं रात्रीच्या रस्त्यांवरून आपल्याकडे येतं आहे. इफ्तारच्या आधीची घटका दुआ कबूल होण्याची, असं आपण मानतो. त्या घटकेला आपल्या आईबापांसाठी, आजाऱ्यांसाठी हात उठतात. त्यात एक दुआ घाटात असलेल्यांसाठीही करू या. अल्लाह त्यांना सलामत घरी आणो. आणि झोप आली तर थांबण्याची हिंमत देवो. आमीन.